रेड वाइनमधला एस्तोफादो दर वेळी आंबट आणि चिवट होतोय? आधी हे तपासा

एकच तक्रार फिरून फिरून येते म्हणून एकदा बसून सगळं लिहूनच काढतेय. स्पेनमधे आलेली आपली मंडळी कुठल्यातरी साध्या हॉटेलात दुपारचा मेनू देल दिआ, म्हणजे ठरलेल्या दरातलं जेवण, घेतात, त्यात एस्तोफादो दे तेर्नेरा येतो, म्हणजे रेड वाइनमधे मंद आचेवर शिजवलेलं बीफ, काट्याने नुसतं दाबलं तरी सुटणारं, आणि सॉस इतका दाट नि चकचकीत की ताटलीत उरलेला पावाने पुसून खाल्ल्याशिवाय राहवत नाही. मग घरी करून बघतात. आणि घरी दर वेळी तेच, मांस चिवट नाहीतर कोरडा भुसा, सॉस आंबट आणि पातळ, वर बटाटे तासभर उकळूनही मधे टणक. रेसिपी बदलतात, महागाची बाटली आणतात, तरी फरक नाही. बहुतेक रेसिप्यांत सामान बरोबर दिलेलं असतं, पण कशानंतर काय घालायचं आणि किती वेळ थांबायचं हे एका ओळीत उरकलेलं असतं, घोळ तिथेच होतो.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. एक, वाइनचा आंबटपणा उकळून उडून जात नाही. दोन, वाइन पडली की त्यानंतर कांदा, गाजर, बटाटा मऊ व्हायला प्रचंड वेळ लागतो. हे दोन डोक्यात बसलं की निम्मा त्रास तिथेच संपतो. उरलेला निम्मा मांसाचा, तो खाली येतोच.

सुरुवात चाखण्यापासून करा, कारण 'सॉस बिघडला' म्हणजे नक्की काय हे लोक सांगतच नाहीत. वाटीत दोन चमचे सॉस काढा, त्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर साखर टाकून ढवळा, चाखा. चव एकदम उघडली तर तुमचा सॉस आंबट आहे आणि तो सुधारता येतो. साखर घालूनही जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी रेंगाळत राहिलं तर ते कडू आहे, कुठेतरी काहीतरी करपलंय. आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तशी जीभ खरखरीत झाली, हिरड्या आक्रसल्या तर तो तुरटपणा, वाइनच्या टॅनिनचा. शिवाय भांड्यावर वाकलं की नाकात झोंबणारा दारूचा वास येत असेल तर तो चौथा प्रकार. चारही वेगळे, चौघांचे उपाय वेगळे, आणि लोक चौघांवरही एकच उपाय करतात, अजून आटवतात.

आता आंबटाचं बघू. वाइनमधे टार्टारिक, मॅलिक, लॅक्टिक अशी आम्लं असतात आणि आपण उकळतो त्या तापमानाला ती भांड्यातच बसून राहतात. उडतं काय तर पाणी आणि अल्कोहोल. म्हणजे अर्धा लिटर वाइन आटवून पाव लिटर केली तर आंबटपणा तेवढाच आणि पाणी निम्मं, चमच्यागणिक आंबट दुप्पट. 'आंबट लागतंय? अजून अर्धा तास उकळ' हा सल्ला जो कोणी देतो त्याने स्वतः तो करून चाखलेला नसतो. दारूचा वास घालवायला वाइन आटवायची हे बरोबर, आंबटपणा घालवायला आटवायची हे साफ चूक.

मग स्पॅनिश घरांत आंबट का लागत नाही? सोफ्रितोमुळे. एक किलो मांसाला दोन मोठे कांदे, एक लीकची कांडी, दोन गाजरं, तीनचार लसूण पाकळ्या, सगळं बारीक चिरून ऑलिव्ह ऑइलमधे मंद आचेवर चांगला अर्धा पाऊण तास. आपण मटणाला कांदा परततो तो गुलाबी झाला की आलं लसूण, मसाला घालून पुढे सरकतो कारण पुढे वाटण येणार असतं, चव तिथून येणार असते. इथे पुढे काही येणार नाहीये. मसाला म्हणजे तमालपत्र, मिरी, असली तर एखादी लवंग, थाईम, थोडं पिमेंतोन म्हणजे स्पॅनिश लाल मिरचीची पूड, संपलं. त्यामुळे कांदा इतका परतायचा की त्याचं आकारमान पार बसलं पाहिजे, रंग मधासारखा आणि कडेने तेल सुटलेलं. त्या कांद्या-गाजराचा जो गोडवा असतो तोच वाइनच्या आंबटपणाला तोलतो. दहा मिनिटांत उरकलेला सोफ्रितो आणि त्यावर आख्खी बाटली वाइन, मग आंबट नाही होणार तर काय.

आख्ख्या बाटलीचंही बोलू. बाटली ७५० मिलीची, आणि पुष्कळ रेसिप्यांत एक किलो मांसाला ती सगळी ओतायला सांगतात. ते चालतं, पण मग कांदा चार आणि मांस असं ज्यातून भरपूर चिकटपणा सुटतो. रोजच्या घरच्या एस्तोफादोला किलोमागे ३०० ते ३५० मिली पुरे, बाकीचा द्रव म्हणजे पाणी किंवा मांसाचा स्टॉक. इथे सुपरमार्केटात काल्दोचे, म्हणजे तयार स्टॉकचे, खोके मिळतात त्यात मीठ आधीच असतं, तो घालून वर आपल्या अंदाजाने मीठ घातलं आणि मग सॉस आटवला की खारट होतो, म्हणून खोक्यातला काल्दो वापरणार असाल तर मीठ शेवटी. टोमॅटोसुद्धा हात राखून, एखादा किसून, कारण तोही आंबटच. आपल्या हाताला दोनतीन टोमॅटो घालायची सवय असते, इथे ती अंगाशी येते.

वाइन कोणती हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कंटाळवाणं आहे, साधी, तरुण, लाकडात न मुरलेली. लेबलवर खोवेन लिहिलेलं असतं. रिओखाची क्रियान्था म्हणजे किमान दोन वर्षं जुनी आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात काढलेली, रेसेर्वा त्याहून जुनी, किमान तीन वर्षं. पिऊन बघायला छान, पण त्या लाकडाची चव आणि टॅनिन आटवल्यावर दाट होतात आणि सॉस तुरट व्हायला लागतो. पाहुण्यांसाठी म्हणून खास महाग बाटली भांड्यात ओतणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, ती ग्लासात द्या ना. गार्नाचा द्राक्षाची वाइन टॅनिनला सौम्य असते, अरागॉनमधे कारिन्येना नि काम्पो दे बोर्खा भागातली स्वस्तात मिळते, साधा तेंप्रानियोही चालतो. खुमियाकडची मोनास्त्रेल दणकट असते, ती घेतलीत तर प्रमाण कमी करा. आणि फ्रिजच्या दारात तीन आठवडे उघडी पडलेली बाटली 'शिजवायला चालेल' म्हणून वापरू नका, तोवर ती व्हिनेगरकडे निघालेली असते.

दारूच्या वासाचं सोपं आहे. वाइन घातल्यावर झाकण न ठेवता मोठ्या आचेवर निम्मी होईपर्यंत आटवा, आठदहा मिनिटं लागतात, वास बदलतो ते कळतं. त्यानंतरच पाणी किंवा स्टॉक. वाइन आणि स्टॉक एकदम ओतलं की तो कच्चा वास शेवटपर्यंत मुरलेला राहतो. घरात लहान मुलं आहेत किंवा कोणी दारू अजिबात घेत नाही म्हणून विचारणाऱ्यांसाठी, 'अल्कोहोल सगळं उडतं' हे खरं नाही. अमेरिकेच्या शेती खात्याचा तक्ता आहे त्यात पदार्थात मिसळलेलं अल्कोहोल अर्ध्या तासाच्या शिजण्यानंतर सुमारे ३५ टक्के उरतं, तासाने २५, अडीच तासांनी ५ टक्के. म्हणजे खूप कमी होतं पण शून्य होत नाही, त्याप्रमाणे ज्याने त्याने ठरवावं.

बटाट्याकडे येते, कारण यात लोक स्वतःला वेडं समजायला लागतात. भाज्यांच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन, आणि आम्ल असलेल्या पाण्यात ते सहजासहजी सुटत नाही. वाइनचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो. स्टॉक घातल्यावर तो वर येतो पण तरी साध्या पाण्यासारखं होत नाही. त्यामुळे अर्धवट परतलेला कांदा वाइनमधे गेला की दोन तासांनी पण दाताखाली कचकच लागतो, आणि बटाटा बाहेरून झिजतो पण आत खुटखुटीत राहतो. आपण चिंच किंवा कोकम डाळ शिजल्यावरच घालतो, तेच शास्त्र आहे. म्हणून कांदा, लीक, गाजर वाइनच्या आधी पूर्ण मऊ करून घ्या. बटाटे घालायचेच असतील तर वाइन नीट आटली, स्टॉक पडला, मांस जवळपास झालं की शेवटच्या पाऊण तासात घाला, आणि ते सुरीने पूर्ण न कापता अर्धं कापून तोडायचे, कट्कन आवाज येतो, तुटलेल्या खडबडीत बाजूने पिठूळपणा सुटून सॉस दाट होतो, इथल्या बायका तसंच करतात. माझी स्वतःची पसंती मात्र वेगळी, बटाट्याच्या बारीक फोडी वेगळ्या तळायच्या आणि वाढताना वर टाकायच्या, ना कच्चे राहायची भीती ना विरघळायची.

कुकर. हा आपल्या लोकांचा खास प्रॉब्लेम आहे म्हणून जरा थांबून लिहिते.

भारतातून आणलेला कुकर पुष्कळदा साध्या ॲल्युमिनियमचा असतो. पहिली गोष्ट, तो इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही, फक्त गॅसवर किंवा साध्या विट्रोवर, म्हणजे काचेच्या विजेच्या शेगडीवर, चालतो. दुसरी, वाइनच्या आम्लाने ॲल्युमिनियमची चव सॉसमधे उतरते, पत्र्यासारखी, आणि लोक ती वाइनची समजतात. स्टील, नॉनस्टिक किंवा एनॅमल केलेलं बिडाचं भांडं घ्या, उघड्या लोखंडी कढईतही करू नका. इथला कुकर घेतलात, ओया रापिदा, तर त्याला शिट्टीच नसते. त्याच्यावर दांडी वर येते, तिच्यावर दोन रेघा, १ आणि २, दाब धरला की आच कमी करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. शिट्ट्यांवर वाढलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो, 'किती शिट्ट्या?' या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. तसंही शिट्टी आचेवर अवलंबून, मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या दहा मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर अर्ध्या तासात, मांसाच्या बाबतीत तो हिशोब कामाचा नाही. (प्रेशर कुकर म्हणजे आपलीच मक्तेदारी वाटते पण सारागोसाच्या होसे आलिक्स नावाच्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वीच ओया एक्सप्रेस नावाने पेटंट घेऊन ठेवलंय, तेव्हा कुकर लावला की ऑथेंटिक राहत नाही वगैरे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.)

कुकरमधे अडचण वेगळीच होते. तो बंद असतो, त्यामुळे आत काहीच आटत नाही. उघड्या भांड्यात अडीच तासात जी वाफ जाते, त्याबरोबर दारूचा उरलासुरला वास जातो, सॉस दाट होतो, ते इथे होतच नाही. म्हणून कुकर लावायचा असेल तर वाइन आधीच उघड्यावर निम्म्याहून कमी करून घ्यायची, आणि स्टॉक एरवीपेक्षा निम्मा घालायचा, मांस बुडेल इतका अजिबात नको, ते स्वतःचं पाणी सोडतं. दाब आपोआप उतरू द्या. घाईने वाफ सोडली की आतलं पाणी एकदम खळाखळा उकळतं आणि मऊ झालेलं मांस तिथे फाटतं आणि कोरडं पडतं. उघडल्यावर मांस बाजूला काढून नुसता सॉस आटवा.

आता मांस. सुपरमार्केटातल्या ट्रेवर 'पारा गिसार' लिहिलेलं असतं, रश्श्यासाठी म्हणून, आणि त्यात कुठला भाग आहे हे पुष्कळदा नसतंच. बरेचदा दोनतीन ठिकाणचे तुकडे एकत्र असतात. मग काय होतं, एक तुकडा दीड तासात पार सुटतो, दुसरा तेव्हा रबर असतो, तिसरा मांडीचा कोरडा भाग असतो तो कधीच नीट होत नाही. माणूस म्हणतो माझं शिजवणं चुकलं. शिजवणं ठीक होतं, त्या ट्रेमधे तीन वेगळी मांसं होती. उपाय एकच, बाजारात मांसवाल्याकडे जा. माद्रिदमधे मेरकादो दे माराविय्यास आहे, तसा प्रत्येक गावात एखादा असतोच. गेल्यावर शेवटचा कोण हे विचारून आपला नंबर धरायचा, आणि मागायचं मोर्थियो, म्हणजे पायाच्या नळीचं मांस, मधे पारदर्शक शिरा आणि पडदे असलेलं. बास्क आणि नवार्राकडे त्यालाच थांकार्रोन म्हणतात. नाहीतर आगुखा, खांद्या-मानेजवळचं, चरबी जास्त, शिजायला जरा सोपं. गालाचं मांस म्हणजे कार्रियेरा, ते तर या पदार्थासाठीच बनलंय असं माझं मत, फक्त पॅकेटावर नीट वाचा कारण सुपरमार्केटात मिळतात त्या कार्रियेरा बऱ्याचदा डुकराच्या असतात, त्या लवकर शिजतात आणि तीन तास ठेवल्या तर लगदा. रेदोंदो, बाबिया हे मांडीचे सुंदर लालभडक, बिनचरबीचे भाग दिसायला छान आणि या कामाला निरुपयोगी. आपल्याला 'चरबी नको हं भाऊ' म्हणायची सवय, इथे ती सोडावी लागते.

वयाचाही फरक आहे. इथे तेर्नेरा ब्लांका म्हणजे आठ महिन्यांपर्यंतचं वासरू, तेर्नेरा आठ ते बारा महिने, आन्योखो एक ते दोन वर्षांचं. रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच तेर्नेरा म्हणतात, त्यामुळे रेसिपीत तेर्नेराला दीड तास लिहिलेलं असतं आणि तुमच्या हातात आन्योखो असतं. त्याला अडीच तीन तास लागणारच. कोर्दोबाची ती प्रसिद्ध बैलाच्या शेपटीची डिश, राबो दे तोरो, तिला तीन चार तास सहज जातात.

चिवटपणाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की जास्त शिजलं म्हणून कडक झालं. मोर्थियोसारख्या भागात उलट असतं. साठ पासष्ट डिग्रीच्या पुढे मांसाचे धागे आवळतात आणि पाणी बाहेर फेकतात, तेव्हा मांस कडक होतं. शिरांमधलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला लागतं ते सत्तरच्या पुढे, हळूहळू, आणि त्याला तास लागतात. म्हणजे मधला एक तास दीड तास असा येतो की मांस कडकही आहे आणि कोरडंही, आणि नेमकं त्याच वेळी लोक झाकण काढून बघतात, हताश होतात आणि गॅस बंद करतात. तिथून पुढे अजून तासभर थांबायचं असतं. घड्याळ बघू नका, काटा खुपसून जरासा फिरवा, धागे आपसूक वेगळे झाले तर झालं, काट्याबरोबर तुकडाच गरगर फिरला तर नाही झालं. रेदोंदोला मात्र हा नियम लागू नाही, त्यात विरघळायला फारसं कोलॅजनच नाही, तो पाऊण तासात कोरडा आणि तीन तासात अजून कोरडा. रश्श्यात बुडालेलं मांस कोरडं कसं लागतं हे कोडं वाटतं, पण तोंडात जो ओलेपणा जाणवतो तो जिलेटिन आणि चरबीचा, रश्श्याच्या पाण्याचा नव्हे.

आच अशी की एखाददुसरा बुडबुडा फुटतोय, भांडं शांत आहे. विट्रोवर सर्वात लहान आकड्यालाही आच चालू बंद होत राहते, पातळ बुडाच्या भांड्यात मधेच उकळी फुटते मधेच थंड, म्हणून जाड बुडाचं भांडं घ्या किंवा सरळ झाकण लावून ओव्हनमधे १५० डिग्रीला ठेवा आणि विसरून जा. ओव्हनचं वीजबिल दिसतं हे मान्य, पण करपायची भीती राहत नाही.

कडवटपणाची कारणं तीनचारच असतात. पिमेंतोन गरम तेलात पडलं आणि दोन सेकंद जास्त राहिलं, हे पहिलं. ला व्हेराचं पिमेंतोन ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं, आपल्या तिखटासारखं ते तेलात खमंग होईपर्यंत परतायला गेलं की करपलंच. गॅस बंद करून घाला, एकदा ढवळा, लगेच वाइन. दुसरं, मांसाला लावलेलं मैद्याचं पीठ. तुकडे पिठात घोळवून नीट झटकायचे, नाहीतर ते पीठ तळाला बसतं, दुसरी बॅच परतेपर्यंत काळं होतं आणि मग वाइनने तळ खरवडताना तेच सगळं सॉसमधे. तळाचा तपकिरी थर म्हणजे चव, काळा थर म्हणजे कडू, काळा झाला असेल तर मोह सोडून भांडं धुवून घ्या. तिसरं, करपलेला लसूण. मांस परतताना ते कोरडं असू द्या, पेपर टॉवेलने टिपून, आणि भांड्यात गर्दी करू नका, गर्दी झाली की ते भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडतं, राखाडी होतं. रात्रभर वाइनमधे मुरवत ठेवलेलं मांस तर टिपूनही नीट भाजत नाही, आणि वाइन मांसात खोलवर जातही नाही, त्यामुळे मी मुरवायच्या भानगडीत पडत नाही. तुकडे मोठे, चारपाच सेंटीमीटरचे, आपल्या मटणाएवढे छोटे नकोत.

आणि एक बारीकशी गोष्ट, भारतातून आणलेलं तमालपत्र आणि इथलं लाउरेल ही वेगळी झाडं आहेत. आपलं दालचिनीच्या जातीचं, त्याला लवंग-दालचिनीचा वास. घातलं तर बिघडत काही नाही, पण मग 'याला बिर्याणीचा वास का येतोय' असं विचारू नका.

सॉस पातळ राहिला तर कॉर्नफ्लोअर लावायच्या आधी मांस बाहेर काढा, तमालपत्र शोधून फेका आणि भाज्या सॉससकट पासापुरेसमधून, म्हणजे दांडी फिरवायच्या चाळणीतून काढा. हँड ब्लेंडरही चालतो, पण त्याने हवा आणि तेल घुसळलं जाऊन तो गडद रंग केशरी गुलाबी होतो, घाबरू नका, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवला की बऱ्यापैकी परत येतो. त्यानंतरही पाण्यासारखा वाटला तर समजा त्यात जिलेटिन नाही, भाग चुकीचा घेतलाय. बिनचवीच्या जिलेटिनच्या दोन पानांनी काम होतं, थंड पाण्यात भिजवून शेवटी विरघळवा. हीच पानं तुरट सॉसलाही लागू पडतात, टॅनिन प्रथिनांना धरतं आणि तोंड आक्रसायचं बरंच कमी होतं.

भांडं तयार आहे, पाहुणे यायचेत आणि सॉस आंबट आहे, तर क्रम असा. आधी मीठ बघा, पुष्कळदा तेवढंच कमी असतं. मग एक मोठा कांदा वेगळ्या पॅनमधे चांगला तपकिरी परतून, वाटून त्यात घाला. मग लोण्याचा एक तुकडा. तरी हवं असेल तर ७० टक्क्यांच्या डार्क चॉकलेटची एक छोटी वडी, इथे पुष्कळ जण घालतात, तिने गोड होत नाही, गोलाई येते, किंवा पेद्रो खिमेनेस या गोड वाइनचे दोन चमचे. चमचाभर गूळ सुद्धा चालतो, कोणाला सांगू नका. खायचा सोडा मात्र नको. आम्ल मारतो हे खरं, पण त्याने रेड वाइनचा लाल रंग निळसर राखाडी होतो आणि तो सॉस कोणी खाणार नाही. आणि चव कडू असेल तर यातलं काहीच चालत नाही, मांस काढून पाण्याखाली धुवा आणि सॉस नव्याने करा, दुसरा मार्ग मला माहीत नाही.

जमत असेल तर आदल्या दिवशी करा. रात्रभर फ्रिजमधे चरबी वर गोठते ती चमच्याने काढता येते, आणि सॉस थरथरणारा घट्ट झालेला दिसला तर तुम्ही भाग बरोबर घेतला होता. गरम करताना खळखळून उकळायचं नाही, हळूच.

पुण्यामुंबईहून विचारणाऱ्यांसाठी, महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, मिळतं ते म्हशीचं. त्याच्या पायाची नळी घेतलीत तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू, फक्त वेळ जास्त धरा, बहुतेक जनावर वयस्कर असतं. बोकडाचं करायचं असेल तर मान आणि नळी घ्या, वाइन २५० मिलीच्या वर नको, उघड्या भांड्यात दोन तास. वाइन नाशिककडची चालते, फक्त मागच्या लेबलवर ओकमधे ठेवलेली नाही ना ते वाचून घ्या. फ्रीझ करणार असाल तर बटाटे काढून फ्रीझ करा, ते नंतर भुसभुशीत होतात.